हाकेला ओ

बाळांनो, त्या कवितांच्या अल्बममध्ये माझा आवाज कसा, असं काल तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही परदेशी गेल्यावर तुमची खोली मी बजाजनगरच्या एका मुलीला भाड्याने दिली होती. ती कविता गायची नाही, म्हणायची. तिचा मित्र मागे सॅक्सोफोन वाजवायचा. जॅझ, सोल, हिप हॉप हे शब्द मला तिच्यामुळेच कळले. आवाज घुमू नये म्हणून तिने भिंतींवर तुमच्या गोधड्या टांगल्या होत्या आणि खोलीभर डांबरगोळ्यांचा वास असायचा. एका दुपारी शेवटची कविता रेकॉर्ड होत असताना मी सवयीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "चहा झालाय गं!" कविता अर्धी टाकून ती ओरडली, "व्हय आजी, आलेच!" मित्राने कपाळाला हात लावला. "गेलं सगळं! आता हे कापावं लागंल." "कापायचं नाय," ती म्हणाली. "हाक मारल्यावर ओ द्यायला आजीला दुसरं हाय कोण?" पुढे तीही मुंबईला गेली. आता मी एकच कप चहा ठेवते आणि हाक मारत नाही. अल्बममध्ये मात्र माझी हाक आहे, आणि तिने दिलेली ओ आहे.