खाडीवाल्या बाई

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या भाजीबाजारात मी गवार निवडत उभी होते, तेव्हा रेखाचा फोन आला. रेखा म्हणजे आमच्या शाळेतल्या जागृती नावाच्या जुन्या विद्यार्थिनीची आई. एरवी ती फोनवर आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग कामाचं बोलते. त्या दिवशी तसं काहीच नाही. "बाई, आपल्या खाडीवाल्या बाई ग्यात वं..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी निवडलेली गवार परत टोपलीत टाकली. भाजीवाला विचारत होता, "शुं थयुं, बेन?" खाडीवाल्या बाई म्हणजे माझी मैत्रीण उषा. सकाळी तिनं दूध घेतलं होतं, गॅसवर ठेवलं होतं, खुर्चीत बसली होती... आणि बसली ती बसलीच. दूध उतू गेल्याच्या वासानं शेजारीण आली.

उषा आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवायची, मी मराठी. ती मूळची सांगलीकडची; नवऱ्याच्या बँकेच्या बदलीनं सुरतेला आली, आणि नवरा अकाली गेल्यावरही इथंच राहिली. मी जळगावची, म्हणजे आमच्या वर्गातल्या बहुतेक पोरांच्या गावाकडची. खानदेशातून आलेले हे लोक, बाप कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये, आया घरी बसून साड्यांना लेस लावतात, खडे चिकटवतात. उषाला त्यांची अहिराणी पहिली काही वर्षं ओ की ठो कळत नव्हती. पण विचारायची लाज तिला कधी वाटली नाही. "निर्मला, 'कसाले' म्हणजे काय गं?" असं भर स्टाफरूममध्ये ओरडून विचारायची, आणि मी सांगायची, 'कशाला'. तिचा आवाज मोठा, चाल भरभर, आणि साडीच्या निऱ्यांना कायम चिखल. मला तिचा रागही यायचा. तिच्या पायांच्या चिखलानं आमची स्टाफरूम कधी स्वच्छ राहिली नाही, हे मी आज ती गेली म्हणून लपवणार नाही.

चिखल यायचा खाडीवरून. सुरतेत शहरातून वाहणाऱ्या ओढ्यांना खाडी म्हणतात. आमच्या शाळेच्या मागून अशीच एक जाते. पुस्तकात जलाशयाचा धडा होता, त्यात कमळं, बेडूक आणि स्वच्छ निळं पाणी. उषानं पुस्तक मिटलं आणि मुलांना म्हणाली, "हे सुंदर आहे, पण ते आपलं नाही. आपलं काय आहे ते बघून येऊ." तेव्हापासून दर शनिवारी तिचा वर्ग खाडीवर भरायचा. पोरं बगळे बघायची, जलपर्णी उपटून तिची मुळं चाचपायची, पाण्याचा रंग सांगायची. आज जांभळं, आज शेंदरी. कोणत्या दिवशी कोणता रंग येतो यावर पोरांच्या पैजा लागायच्या. मग उषा पिशवीतून हळदीचे कागद काढायची. टीपकागदाला हळदीचं पाणी लावून घरीच वाळवलेले. ते पाण्यात बुडवायचे. पाण्यात साबणासारखा, कॉस्टिकसारखा क्षार असला की पिवळा कागद लाल होतो. "तुझ्या आईनं हळदीचा डाग साबणानं घासला की काय होतं?" ती विचारायची. "लाल होतो!" सगळा वर्ग ओरडायचा. बस, हाच तिचा धडा. पण मिलला तिनं वर्गात कधी शिव्या दिल्या नाहीत. मी एकदा म्हटलं, "अगं, स्पष्ट सांग ना पोरांना, कोण सोडतं हे पाणी." तर म्हणाली, "त्यांचे बाप तिथं उभे राहतात, निर्मला. पोरांना बापाची लाज वाटायला लावून मला विज्ञान शिकवायचं नाही."

एवढी शहाणी बाई, पण एकदा चुकली, आणि तेही असं चुकली की खानदेशाबाहेरचंच माणूस चुकेल. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, लुगडं, सगळा साज. रविवारी बसवायची, सोमवारी वाजतगाजत पाण्यावर नेऊन बोळवायची. येताना ज्या पाटावर देवी गेली त्याच पाटावर तिथली वाळू घरी आणायची आणि घरभर शिंपडायची. त्या वर्षी मंगळवारी वर्गात जागृतीनं सांगितलं, की तापी लांब पडते म्हणून आमच्या गल्लीनं कानबाई खाडीवरच बोळवली, वाळूही तिथलीच आणली. काही पोरांनी सांगितलं, आमची तापीवरची. झालं! उषाचे डोळे चमकले असणार, मी नव्हते तिथं. घराघरात दोन वेगवेगळ्या पाण्यांची वाळू! "उद्या येताना सगळ्यांनी चिमूट चिमूट आणा," म्हणाली. पोरांनी आणली. पांढऱ्या वाट्यांत पाणी, पाण्यात वाळू, वर हळदीचा कागद. तापीच्या वाळूचा कागद पिवळाच राहिला. खाडीच्या गाळाचा लालभडक झाला. पोरं खूश, उषा त्याहून खूश.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात बायाच बाया. पुढे रेखा. ती उषाला बघून जे बोलली ते मी अजून विसरले नाही. "आमनी कानबाईनी रेती घरबाहेर काढी तुमी! ती घरनी लक्ष्मी शे. आणि वरून देवीची परीक्षा घेता?" उषा माझ्याकडे बघायला लागली. मी तिला खालच्या आवाजात सांगितलं, की ही वाळू घराबाहेर देत नसतात, घरातलं चांगलं सगळं त्याबरोबर जातं असं मानतात. तिचा चेहरा असा उतरला... आमचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, भला माणूस, पण भांडणाला फार भिणारा. त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं की यापुढे शनिवारचा वर्ग शाळेबाहेर जाणार नाही. रेखानं तर जागृतीला शाळेतूनच काढायची भाषा केली. मला बायांचा राग आला होता, आचार्यांचा त्याहून आला होता. उषाला मात्र कोणाचाच आला नाही. संध्याकाळी चहा घेताना ती एवढंच म्हणाली, "खाडी गेली तर मी काय शिकवू? फळ्यावरचं पाणी?" आणि मग कप खाली ठेवून, "त्या पोरी त्या गाळावर झोपतात गं, निर्मला. जागृतीची धाकटी बहीण तर रांगते त्यावर."

तिनं ती वाळू टाकली नव्हती. ज्याची त्याची वेगळी वाळवून, पुड्या बांधून ती घरोघरी गेली. रेखाकडे मी सोबत होते. उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उषा उभी राहिली आणि पुडी पुढे केली. "मी चुकले. मागायच्या आधी विचारायला हवं होतं." रेखा साडीला खडे चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "ठेवा तिथं." आत या म्हणाली नाही. मला वाटलं, आता उषा कागदाचं काढेल, लाल रंगाचं काढेल. तिनं काढलं नाही. निघताना नुसतं म्हणाली, "पुढच्या वर्षी कानबाईला मला बोलवशील का? मला बघायचं आहे." रेखानं पुढचा खडा चिकटवला. वर्षभर शनिवारी वर्ग वर्गातच भरला. उषा फळ्यावर कमळ काढायची, आणि इतकं वाईट काढायची की पोरंही हसत नसत. जागृती शाळेत यायची, पण उषाशी बोलायची नाही. ते वर्ष उषाचं फार वाईट गेलं.

पुढच्या श्रावणात रेखानं बोलावलं. का, ते तिनं सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. उषा नवी साडी नेसून आली, बायांबरोबर फुगडी घालताना दमून खाली बसली, पोट धरून हसली. सोमवारी बोळवण निघाली. रेखाच्या डोक्यावर पाट, पाटावर कानबाई, पुढे वाजंत्री. सगळ्या सवयीनं खाडीकडे वळल्या. उषा मागे मागे चालत होती. मी तिचा हात धरला होता, कारण मला भीती होती की ही आता काहीतरी बोलणार. खाडीचं पाणी त्या दिवशी गडद जांभळं होतं, वर फेस. रेखा काठावर उभी राहिली. वाजंत्री थांबली. ती पाण्याकडे बघत राहिली, बघतच राहिली. मग डोक्यावरचा पाट तसाच धरून मागे वळली आणि म्हणाली, "बाई, कागद शे का?"

होता. उषाच्या पर्समध्ये कुंकवाची डबी नसायची, पण हळदीचा कागद असायचा. तिनं तो स्वतः बुडवला नाही; रेखाच्या हाताशी धरला. रेखानं एका हातानं पाट सावरत, उकिडवं बसून कागद पाण्याला लावला. लाल. रेखाची सासू पुटपुटली, "माय वं... आपण माय ले यामा सोडतस?" मग गल्लीतल्या कोणाचा तरी टेम्पो आला, त्यात कानबाई, बाया, वाजंत्री आणि चिखलानं भरलेल्या निऱ्यांची उषा असं सगळं तापीवर गेलं. त्या आठवड्यात त्याच बाया आचार्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, पोरांना खाडीवर नेत जा. त्यानंतर त्या गल्लीनं खाडीत देवी सोडली नाही. पाणी मात्र अजून तसंच आहे. उषानं महानगरपालिकेच्या कचेरीत किती चकरा मारल्या, कितीदा मला सोबत ओढलं. पाणी निवळलं नाही. ते दुःख तिला शेवटपर्यंत होतं, आणि कोणी "तुम्ही खूप केलंत" म्हटलं की ती चिडायची. "काय केलं? अजून लालच होतो ना कागद?" म्हणायची.

निवृत्तीनंतरही ती शनिवारी खाडीवर दिसायची. आता शाळेतल्या नव्या विज्ञानाच्या बाई पोरांना नेतात. त्या तरुण आहेत, पायांत बूट घालतात, स्टाफरूम म्हणे स्वच्छ असते. जागृती कॉलेजात रसायनशास्त्र शिकते आहे. उषा गेल्यावर सांगलीहून भाऊ आला, त्यानं घर रिकामं केलं, किल्ली दिली, गेला. मला वाटलं, संपलं. एवढं मोठं माणूस, आणि मागे काही उरू नये? मी देवावर चिडले, भावावर चिडले, उगाच त्या दूधवाल्यावरही चिडले.

मग श्रावण आला. कानबाईच्या आधी रेखानं मला घरी बोलावलं होतं, गहू निवडायला. कानबाईला रोट करतात, म्हणजे नैवेद्याची गव्हाची पोळी. घरात जितकी माणसं, तितके वाटे धरून मुठीनं गहू मोजायचे, ते दळायचे, आणि तो रोट फक्त घरच्यांनी खायचा. लेकीलासुद्धा लग्न झाल्यावर देत नाहीत, पाहुण्यांचं तर नावच नको. उषा इतकी वर्षं त्या घरी कानबाईला जेवली. पुरणपोळी खाल्ली, खीर खाल्ली, पण रोट तिला कधी मिळाला नाही आणि तिनं मागितलाही नाही. वाळूनं तिला तेवढं शिकवलं होतं. रेखा सुपात मुठी टाकत होती. नवऱ्याची, सासूची, जागृतीची, धाकटीची, स्वतःची. हात थांबला. मग तिनं आणखी एक मूठ भरून घेतली. सासू म्हणाली, "मरेल मानूसनी मूठ कोनी लेस का?" रेखा म्हणाली, "नही लेतस. माले ठाऊक शे." आणि मूठ सुपात सोडली.

सोमवारी तापीवरून आल्यावर सगळे रोट खायला बसले. मी बाहेरची, म्हणून दाराबाहेरच्या ओट्यावर बसून चहा पीत होते. आत रेखानं वाटे मांडले. एक वाटा तसाच राहिला. जागृतीनं विचारलं, "हा कोणी खायचा?" रेखानं सासूकडे पाहिलं. मग म्हातारीच म्हणाली, "तूच खा पोरी. तू तिनी शेस." जागृती तो वाटा घेऊन भिंतीकडे तोंड करून खात होती. मी ओट्यावरून बघत होते.