खिडकीतून आलेलं उत्तर

नवऱ्याला सांगितलं नाही, लेकींना नाही. देवापुढं बसले तरी ही गोष्ट पदराखालीच राहिली. तुम्हाला कावून, कशापायी सांगते? — कोण जाणे. तुम्ही मधे बोलणार नाही म्हणून असेल.

निजामाचं राज्य होतं. गेवराईजवळच्या आमच्या गावात मुलींची शाळा नवी निघाली आणि मी तिची मास्तरीण. वय अठरा. अंबाडा हा एवढा — डोक्याच्या आत काय होतं, ते विचारू नका.

वाचन शिकवायची माझी युक्ती ऐका. प्रश्नातला शब्द बोटानं धड्यात शोधायचा, सापडला की तिथलं वाक्य घडाघडा म्हणायचं. झालं उत्तर! अर्थ? तो कशाला लागतो?

एकटी गंगू ऐकेना. अडखळत वाचायची, मग मान वर करून विचारायची, "पण कावून, बाई?" मला उत्तर येत नसे — मी छडी आपटायची. लई हुशार ना मी!

तपासणीला बीडहून साहेब येणार होते. गंगूचा बाप म्हणाला होता, साहेबानं पोरीला चांगलं म्हटलं तर शाळा, न्हाई तर खुरपं. हे मला ठाऊक होतं. तरी आदल्या दिवशी मी तिला म्हणाले, "उद्या येऊ नगंस गं. तुझ्या अडखळण्यानं वर्गाची लाज जाईल."

साहेबांनी धडा वाचून घेतला. त्यात पाणपोईवर आलेला वाटसरू रांजणात डोकावतो, मागं उभ्या लेकराकडं बघतो, आणि 'तहान नाही' म्हणून निघून जातो.

"किताब बंद. तो पाणी न पिता का गेला?"

मुलींची बोटं मिटल्या पुस्तकावर फिरू लागली. "तहान नव्हती," एक म्हणाली. दुसरीनंही तेच. मी मान डोलावली. कारण — सांगू? — मलाही तेवढंच माहीत होतं.

तेवढ्यात खिडकीबाहेरून गंगूचा आवाज आला, "लई तहान हुती की त्याला! पाणीच जरासं हुतं, अन् मागं लेकरू हुतं."

साहेब उठलेच. "वा! ही तुमच्या शाळेतली?"

एक 'हो' म्हणायचं होतं. पण मग ती बाहेर का, असं त्यांनी विचारलं असतं. गंगू हसत दाराकडं निघालीही होती —

"नाही साहेब," मी म्हणाले. "पाणी भरायला येते."

वर्गातल्या पोरींनी माना खाली घातल्या. गंगू उंबऱ्याशी थांबली, माझ्याकडं पाहत राहिली, आणि वळली.

दुसऱ्या दिवसापासून ती खुरपायला गेली. मी हजेरीपटातल्या तिच्या नावावर रेघ मारली, पट्टी लावून. भीतीनं मारली म्हणावं, तर हात जरासुद्धा हलला नव्हता.