तेराव्या भागातलं दार

‘आधी चित्र दाखवा,’ असं नाना म्हणायचे आणि उजवा पंजा समोरच्याच्या नाकाखाली पसरायचे. भाचीला स्थळ सांगून आलं तरी तेच, आणि मी नवीन नाटकाची गोष्ट ऐकवायला गेलो तरी तेच. ऐकणारा हसायचा. नानांच्या मात्र ते हाडात मुरलं होतं. त्यांनी उमेदीच्या काळात दरमहा एक हेरकथा लिहिली, आणि त्यातली एकही स्वतःच्या मनाने सुरू केली नाही. मुंबईचा प्रकाशक मुखपृष्ठ आधी छापून घेई आणि त्याची एक प्रत जळगावला टपालाने धाडी. चित्रात पिस्तूल असेल, जळतं जहाज असेल, मांजर घेतलेली बाई असेल, ते सगळं गोष्टीत यायलाच हवं. नाना ते चित्र पिठाच्या डब्याला टेकवून ठेवत आणि आठ दिवसांत बैरूत नाहीतर बर्लिन उभं करत. स्वतः त्यांनी भुसावळच्या पलीकडे फारसं काही पाहिलं नव्हतं.

तुम्ही त्या काळात लायब्ररीतून कोपरे दुमडलेली, पानं गळालेली अशी पुस्तकं आणली असतील, तर तुम्हीही नानांना वाचलेलं आहे. नाव आठवणार नाही. मलाही ते इथे लिहायचं नाही.

नोकरी वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात, भांडारात कारकुनाची. आतलं बाहेर बोलायचं नाही अशी सही दिलेली, आणि नानांनी ती इतकी पाळली की तिथे बसायला खुर्ची आहे की स्टूल हे त्यांच्या बायकोला, अक्कांनाही माहीत नव्हतं. मग गल्लीने ठरवूनच टाकलं की हा माणूस खरा हेर आहे. नाना हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत.

मला एकदा म्हणाले, ‘‘खिळे आणि पोती सांभाळली हो मी. पण सही केली आहे ना, मग पोत्यांचंसुद्धा सांगता येत नाही.’’

निवृत्तीनंतर ते जळगाव सोडून धुळ्याला आमच्या गल्लीत राहायला आले. मी सरकारी कचेरीत होतो आणि वर्षातून एकदा स्पर्धेसाठी नाटक लिहीत होतो. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला लेखक समजायचो. नाना माझी नाटकं वाचायचे आणि म्हणायचे, ‘‘पहिल्या पानावर कोणीच मेलं नाही.’’

नव्वदच्या अलीकडे-पलीकडे केव्हातरी मुंबईची मंडळी जीप करून आली. एका प्रसिद्ध हेरकथाकाराच्या आयुष्यावर टीव्हीची मालिका करायची, तेरा भागांची, रविवारी सकाळी. इकडचे संवाद लिहायला इकडचाच माणूस हवा म्हणून मला घेतलं. नानांनी सवयीने पंजा पसरला, तर दिग्दर्शकाने खरंच पिशवीतून जाहिरातीचं चित्र काढलं. कॉलर वर केलेला ओव्हरकोट, तिरकी टोपी, मागे विमान. नानांनी आयुष्यात एकदाच कोट घातला, तो लग्नात, आणि तोही मेव्हण्याचा होता.

मला वाटलं, हसतील. पण त्यांनी चित्र मांडीवर घेतलं आणि विचारलं, ‘‘हे सगळीकडे दिसतं? पुणे, नाशिक, सगळीकडे?’’

‘‘जिथे टीव्ही आहे तिथे दिसतं,’’ दिग्दर्शक म्हणाला.

‘‘मग करा.’’

ते पुणे-नाशिक कशासाठी विचारलं, ते मला दोन आठवड्यांनी कळलं. आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून मालिकेचे भाग पाडत होतो. मी म्हणालो, नाना, हाणामारी पुष्कळ झाली, आता काहीतरी घरातलं सांगा. ते उठून आत पाहून आले. अक्का मागच्या अंगणात होत्या. मग खाली बघत त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांना एकच मुलगा. जळगावला असताना शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीवर त्याचं मन होतं. एका महिन्यात चित्र आलं ते रुळांच्या कडेला चिठ्ठी वाचणाऱ्या मुलीचं. सात दिवस गेले तरी नानांना काही सुचेना. आठव्या दिवशी मुलाच्या वहीत त्या मुलीला लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा हाती लागला. कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपाशी थांब, मी सायकलची घंटी दोनदा वाजवीन, असं त्यात होतं. नानांनी ते पत्र जसंच्या तसं उचललं आणि शत्रूच्या हेरांचा इशारा करून टाकलं.

‘‘नावं बदलली होती मी,’’ नाना म्हणाले. ‘‘पण जिनिंगच्या भिंतीपाशी रोज दोनदा घंटी कोण वाजवतो, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. तिच्या भावाने लायब्ररीतून पुस्तक आणलं. महिन्याच्या आत तिला एरंडोलला देऊन टाकली. आणि आमचा हा घर सोडून गेला.’’

अकरा वर्षं झाली होती. पत्र नाही, निरोप नाही. कोणी सांगे नाशिकला कारखान्यात पाहिला, कोणी सांगे पुण्याला. आणि मधल्या काळात यांनी घर बदललेलं. तो परत आलाच तर जळगावच्या दारावर थाप मारील आणि तिथे कोणी अनोळखी माणूस दार उघडील, ही एक गोष्ट नानांना खात होती.

‘‘मालिकेत हे घाला,’’ ते म्हणाले. ‘‘बापाने चोरी केली, हे त्याला सगळ्या लोकांसमोर ऐकू द्या. मग तो येईल.’’

खोटं कशाला बोलू, माझ्यातला नाटककार त्या क्षणी खूश झाला. मी दोन दिवसांत तो प्रवेश लिहिला. दिग्दर्शकाने वाचला आणि म्हणाला, यावर अख्खी मालिका उभी राहते. नानांनीही वाचला. वाचून कागद नीट जुळवले, आणि म्हणाले, ‘‘छान लिहिलंय. उद्या एरंडोलला जाऊ. तिला विचारून येऊ.’’

मी पुष्कळ समजावलं. त्या बाईचा संसार आहे, कशाला जुनं उकरता? ते म्हणाले, ‘‘तुम्ही लिहिलंत तेव्हा हे नाही आठवलं?’’

एस.टी.ने पारोळ्यावरून एरंडोलला गेलो. ती शाळेत शिक्षिका होती. मधल्या सुट्टीत शाळेच्या कट्ट्यावर भेटली. तिने नानांना ओळखलं, पदर सावरला, वाकून नमस्कारही केला. नानांनी कागद तिच्या हातात दिले. तिने उभ्याउभ्याच सगळे वाचले. मुलं आजूबाजूला पकडापकडी खेळत होती.

‘‘काका, तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘आज विचारलंत, म्हणून मला नाही म्हणता येतंय. नाही.’’

नानांनी मान हलवली. ती पुढे म्हणाली, ‘‘माझ्या सासरी ते पुस्तक कोणी पाहिलेलं नाही. टीव्ही मात्र सगळे बघतात. तो कुठे आहे, मला माहीत नाही. माहीत असतं तर सांगितलं असतं.’’ मग घंटा झाली आणि ती वर्गात गेली.

येताना पारोळ्याला बस थांबली तेव्हा ते कागद नानांनी फाडून खिशात ठेवले, खिडकीतून टाकलेसुद्धा नाहीत. कोणी जोडून वाचेल, म्हणाले.

दिग्दर्शक भडकला. ‘‘हे काढलं तर तुमच्या आयुष्यात उरतं काय?’’ असं त्याने त्यांच्या तोंडावर विचारलं. नाना म्हणाले, ‘‘काही उरत नाही. तुम्ही हवं ते घाला. बैरूत घाला, बायका घाला, मला समुद्रात फेका. फक्त शेवटच्या भागात आमच्या ह्या घराचं दार दाखवा. पत्ता वाचता येईल एवढा वेळ.’’

दिग्दर्शक हो म्हणाला. किती पटकन म्हणाला, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

शूटिंग मुंबईत झालं, धुळ्याला दीड दिवस. नानांनी आदल्या दिवशी भिंतीला चुना मारला आणि दारावर पांढऱ्या रंगाने वीतभर अक्षरांत स्वतःचं नाव, गल्ली, धुळे, आणि खाली ‘पूर्वी जळगाव’ असं लिहिलं. अक्षर ओळखीचं वाटावं म्हणून पेंटरला हात लावू दिला नाही. कॅमेरा लागला. ते बाजूला हात बांधून उभे राहिले, आणि अक्का त्यांच्या मागे. दिग्दर्शक ‘चालू’ म्हणाला आणि थोड्या वेळाने ‘कट’ म्हणाला. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

मी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी होतो. आत टेप नव्हती. मी कॅमेरामनकडे पाहिलं तर तो हळूच म्हणाला, ‘‘राहू द्या हो. म्हातारा खूश झाला ना?’’

मी बोललो नाही. तुम्ही विचाराल, का? पडद्यावर ‘संवाद’ या शब्दापुढे माझं नाव येणार होतं, म्हणून. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. पडद्यावरचे नाना गच्चीवरून उड्या मारायचे, तीन भाषांत बोलायचे, आणि खरे नाना पाटावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत बघायचे. पोरंटोरं त्यांना सलाम ठोकायची. भाग संपला की ते माझ्याकडे वळायचे. ‘‘आपलं दार शेवटच्या भागात ना?’’

‘‘हो नाना, शेवटच्या.’’

दर रविवारी मी हे म्हटलं. सांगून टाकावं असं ठरवून घरून निघायचो, आणि त्यांचा चेहरा पाहिला की जीभ उचलायची नाही. सातव्या-आठव्या भागापासून ते खंगत गेले. डॉक्टर म्हणाले मुंबईला न्या. नाना म्हणाले, तेरावा भाग झाला की न्याल तिथे येतो, आता घराला कुलूप घालणार नाही. खाणं दोन घासांवर आलं होतं. खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत राहायचे आणि कुणी नवखा माणूस दिसला की अर्धवट उठायचे.

दहाव्या भागानंतरच्या मंगळवारी, दाढी करता करता, ते गेले. खरं सांगतो, बातमी ऐकली तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज मला अजून वाटते.

तेराव्या भागाच्या रविवारी मला जायचं नव्हतं. अक्कांनी शेजारणीबरोबर निरोप पाठवला. गेलो, तर खोलीत त्या एकट्याच. गल्लीतले लोक दुखवट्याच्या घरी टीव्ही बघायला कसं यायचं म्हणून आलेच नव्हते. अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या टीव्हीच्या अगदी जवळ सरकून बसल्या होत्या आणि पदराने काच पुसत होत्या.

पडद्यावरचे नाना विमानात चढले. विमान उडालं. नावं सरकू लागली, त्यात माझंही गेलं. मग साबणाची जाहिरात लागली.

अक्का माझ्याकडे वळल्या. ‘‘भाऊ, आपलं दार दिसनं का? माले काही दिसत नही.’’

मी म्हणालो, ‘‘दिसलं, अक्का.’’

‘‘पत्ता बठ्ठा दिसना?’’

‘‘सगळा दिसला.’’

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. भिंत चाचपत पुढे गेल्या, कडी काढली, आणि दाराची दोन्ही फळकुटं भिंतीला लागेपर्यंत उघडून आल्या. मग मला जेवून जायला सांगितलं, चुलीपाशी गेल्या आणि परातीत तिघांचं पीठ घेतलं.