उतरू काय?

चौकातला सिग्नल काढून तिथं गोल सर्कल बांधलं, तेव्हा गावात सगळ्यात खूश झाले ते आमचे हे. कडेला पाटी होती : उजवीकडून येणाऱ्यास आधी जाऊ द्या. ती पाटी बहुतेक ह्यांनी एकट्यानंच वाचली. एरवी बरंही होतं म्हणा. गाड्या तुरळक, एखादा ट्रॅक्टर गेला की आपण सुटलो.

पण पोरीच्या नर्सिंगच्या परीक्षेचा दिवस नेमका बाजाराचा निघाला. आम्ही तिघं एकाच स्कूटरवर. उजवीकडून, अमडापूरच्या रस्त्यानं, हरभऱ्याचे ट्रॅक्टर एकामागे एक, मधात फट म्हणून नाही. जराशी फट पडली की मागचा ऑटोवाला आमच्या बाजूनं घुसे. आणि हे आपले पाय टेकून उभे! मागं हॉर्नचा नुसता कालवा.

"आवो, घाला ना गाडी! साऱ्या दुनियेले तुम्हीच वाट देऊन राह्यले काय?" मी ओरडली.

"पप्पा, उतरू काय? पायीच पळतो मी," पोरगी म्हणाली. परीक्षेची शाळा तिथून दिसत होती.

"बस ना बेटा. आता लागते आपला नंबर."

नंबर लागला तेव्हा शाळेचं गेट बंद झालं होतं. पोरगी गजांना धरून रडली, आतल्या माणसानं मान हलवली. हे तिथंही स्कूटरवर पाय टेकून उभे. मला त्यांची कीव नाही आली, चीड आली. अजून येते. पुढच्या उन्हाळ्यात पोरीचं लग्न केलं, अन् परीक्षेचा विषय सासरी कोणी काढला नाही.

तेव्हापासून 'उतरू काय?' ही आमच्या घरातली शिवी झाली. बाजारात भाजी निवडायला ह्यांनी उशीर केला, की मी म्हणायची. फोनवर बोलताना अडखळले, की पोरगी म्हणायची. आधी हेही हसायचे. मग त्यांनी हसणं सोडलं. आम्ही म्हणणं सोडलं नाही.

परवा ती माहेरी आली. बसस्टँडवरून पुन्हा तिघं त्याच स्कूटरवर. भर दुपार, सर्कलवर कुत्रं नव्हतं. तरी ह्यांनी गाडी थांबवली, पाय टेकला अन् उजवीकडे पाहत राहिले.

पोरीनं त्यांच्या खांद्यावर थोपटलं. "पप्पा, उतरू काय?"

मी पोट धरून हसली.

हे सावकाश स्वतःच उतरले. "तू ने," पोरीला एवढंच म्हणाले, अन् उन्हात पायी निघाले.

पोरीनं गाडी घेतली, त्यांच्या बाजूनंच पुढं नेली. थांबवली नाही. मीही थांब म्हटलं नाही.