अमावास्येला वाळूवर लावलेली गाडी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही — नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

केळव्याला किनाऱ्यालगत आमचं घर. शनिवार-रविवारी अंगणात पाहुण्यांच्या गाड्या लावू देतो, शेजारी माझी चहा-भजीची टपरी. माणसं तेच तेच विचारतात — गाडी कुठे लावू, सावली आहे का, वाळूवर नेली तर चालते का? तोंडाची मी फटकळ, पण याबाबतीत कधी कुणाला फसवलं नव्हतं.

चार वर्षं झाली. बोईसरहून एक शेठ आला, बायकोमुलांना घेऊन. अंगणात माझे बोंबील वाळत होते. मुलांनी नाकं धरली — त्यांचं काय, मुलंच ती. पण शेठ ड्रायव्हरला म्हणाला की या घाणीत गाडी लावायची नाही, आठवडाभर वास जायचा नाही. पहाटेपासून राबून घातलेले बोंबील — आणि ती घाण? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेठ मंडळी चालत पुढे गेली. ड्रायव्हर माझ्याकडे आला. चाळिशीचा असेल, जव्हारकडचा. अदबीने म्हणाला, "मावशी, मी डोंगराकडचा. समुद्राचं मला काय कळत नाय. तुमी सांगाल तिथं लावतो."

अमावास्या होती. आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल, अमावास्येला भर दुपारी उधाण येतं, पाणी थेट सुरूच्या झाडांच्या मुळांशी. आणि मी? मी खालच्या वाळूकडे बोट केलं.

"लाव तिथं. पाणी नाय येत तितवर."

नुसती चाकं भिजतील असं वाटलं — असं म्हणू का? नको, ते आणखी एक खोटं होईल. मला सगळं ठाऊक होतं. गाडी लावून तो माझ्यापासून दहा पावलांवर सुरूखाली झोपला होता, आणि मी भजी तळत पाणी चढताना बघत होते. एक हाक मारायला काय लागतं? नाही मारली.

तो जागा झाला तेव्हा गाडी दारापर्यंत पाण्यात होती, चाकं रुतलेली. कपड्यांनिशी आत शिरला आणि एकटाच ढकलत राहिला. शेवटी ट्रॅक्टर आणून ओढली. इंजिन बंदच पडलं होतं.

शेठने चारचौघांत विचारलं, अक्कल गहाण टाकली होतीस का? तो माझ्याकडे वळला. "मावशी, तुमीच सांगितलं ना?"

सगळे बघत होते. राग तर केव्हाच गेला होता — आता नुसती भीती होती.

"मी नाय बा," मी म्हणाले. "मी कशाला सांगू?"

गाव माझ्या बाजूने उभं राहिलं. डोंगरातल्या माणसाला भरती-ओहोटी काय कळणार, असं कुणीतरी म्हणालं, दोघं-तिघं हसले. शेठने किल्ली काढून घेतली आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. ज्याने मला दुखवलं त्याची गाडी आठवड्यात दुरुस्त झाली असेल. ज्याने विश्वास ठेवला त्याचं काम गेलं.

तो भांडला नाही. ओल्या कपड्यांत स्टेशनच्या रस्त्याला लागला. टपरीसमोर जरा थांबला, आणि खाली बघत म्हणाला, "माफ करा मावशी. माझ्याच ऐकण्यात चूक झाली असंल."

मी मान हलवली — हो म्हणून.