अर्ध्यावर सेटलमेंट नको

अकोल्यातली माझी फुलवाली हार बांधून देते आणि न मागता वर एक शेवंती ठेवते. नवऱ्याच्या आजारपणात तिचे मोबाइलचे हप्ते थकले, क्रेडिट स्कोअर पडला आणि लेकीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी बँकेने कर्ज नाकारलं. एकदा वसुलीवाला माझ्यादेखतच आला. म्हणाला, "मावशी, अर्धे भरा, बाकीचे माफ. सेटलमेंट करून टाकू."

तिने आधी त्याला पाणी दिलं. "अर्धे नाई, बापू. थोडे थोडे करून पुरे भरीन. पण खातं बंद झालं, असंच लिहून आनजो. रेकॉर्डात सेटलमेंट लिहिलं त पोरीले कर्ज कोन देईन?"

तिने पुरे भरले. स्कोअर वर यायला वर्ष गेलं. परवा बँकेचं मंजुरीपत्र तिने माझ्याकडून वाचून घेतलं.

"अजून एकदा वाचा, सर," ती म्हणाली. "पोरीले फोन लावून राहिली. तिले बी ऐकू द्या."