बुटक्या रोपांची लाज

सुरतेत पीएच.डी. करत होते तेव्हा माझी सगळी रोपं बुटकी होती, आणि ती बुटकी का, हाच माझा विषय होता. मोहरीच्या कुळातल्या त्या रोपांत एक प्रथिन बिघडलेलं होतं. वाढीचं संप्रेरक आलं की पेशीच्या दारात बसलेलं हे प्रथिन त्याचा निरोप ऐकतं आणि आतल्या प्रथिनांकडे पोहोचवतं. निरोप ऐकणारंच बिघडलं, तर संप्रेरक कितीही फवारा, रोप खुजंच राहतं.

एकदा संस्थेचे एक विश्वस्त, साड्यांचे मोठे व्यापारी, प्रयोगशाळा पाहायला येणार असं ठरलं. माझ्या मार्गदर्शक सरांना एकाएकी त्या रोपांची लाज वाटू लागली.

"शेठना ही दाखवायची? आपण वाढीवर संशोधन करतो ना?"

"सर, वाढ कशानं खुंटते हेच तर त्यात दिसतं."

"ते तुला दिसतं. शेठना काय दिसणार?"

कामरेजच्या नर्सरीतून टेम्पोभर झेंडू आला, चांगला गुडघ्याएवढा. माझे ट्रे सामानाच्या खोलीत, मोडक्या पंख्यांमागे गेले. झेंडूच्या कुंड्यांवर सरांनी स्वतः माझ्या प्रथिनाचं नाव लिहिलं. स्पेलिंग तेवढं चुकलं.

शेठ आले, फुलांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाह, आ तो प्रोटीननी कमाल छे." सरांनी विनयानं मान झुकवली. मग शेठ माझ्याकडे वळले. "बेन, खत कोणतं घातलं?"

मी सरांकडे पाहिलं.

"ते गुपित आहे," सर म्हणाले. शेठ अधिकच खूश झाले.

त्यानंतर शिपाई सामानाच्या खोलीची किल्ली घेऊन गावी लग्नाला गेला. तो परतला तेव्हा बहुतेक रोपं अंधारात वाळली होती. मला रडू आलं नाही, नुसता संताप आला. वाचलेला एक ट्रे मी गोडादऱ्याला घरी नेला. आईनं वाकून पाहिलं. "हाई काय शे? मेथी?" मी हो म्हटलं, समजावण्याचं त्राण नव्हतं.

त्याच ट्रेचं बी धरून मी सगळं पुन्हा पेरलं, पुन्हा मोजलं. प्रबंध उशिरा, पण पुरा झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काम वाखाणलं आणि इतका वेळ का लागला, असं विचारलं.

मी बोलायच्या आत सर मायेनं म्हणाले, "मुलगी हुशार आहे. जरा संथ आहे, एवढंच."